लोकशाहीचे स्वसंरक्षण : जर्मनीचा अनुभव

(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



संघाच्या चिटणीसांनी या व्याख्यानाचे निमंत्रण दिले तेव्हा विषयाची निवड त्यांनी माझ्यावरच सोपविली. अशा संमेलनात कुलवृत्तान्त, शिक्षणप्रसार, विवाहखर्चातील काटकसर किंवा तरुणांना व्यवसायमार्गदर्शन यांवर बोलण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. मी मात्र आज आपणांस थोडे दूर, जर्मनीत नेणार आहे. जन्मावरून माणसामाणसांत भेद करणारा द्वेष, आणि त्या द्वेषावर स्वार होऊन सत्ता हस्तगत करू पाहणारे राजकारण, यांना पायबंद घालण्यासाठी एखादे राष्ट्रीय सरकार काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हा माझा विषय आहे. जातीच्या व्यासपीठावर हा विषय कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास तो रास्तच होय. त्याचे उत्तर मी अखेरीस देईन.

जर्मनीची निवड करण्याचे कारण उघड आहे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, असे आपण म्हणतो. द्वेषाच्या राजकारणाने त्या राष्ट्राचे तोंडच नव्हे, तर सर्वांगच पोळले. म्हणून १९४५ नंतर त्याने ताक कसे फुंकून प्यायले, ते अभ्यासण्याजोगे आहे.

प्रथम हे ध्यानी घेतले पाहिजे की, हिटलर हा केवळ बळाने सत्तेवर आला नव्हता. १९२३ साली त्याने म्युनिक येथे बंडाचा प्रयत्न केला, तो फसला. त्यास पाच वर्षांची शिक्षा झाली, परंतु वर्षभराच्या आतच तो मुक्त झाला. त्यानंतर त्याने निवडणुकीचा मार्ग धरला. १९१९ ची वायमार राज्यघटना अत्यंत उदार होती. तिने नागरिकांना सर्व स्वातंत्र्ये दिली, परंतु त्या स्वातंत्र्याचाच गळा घोटू पाहणाऱ्यांना आवरण्याची पुरेशी तजवीज तिच्यात नव्हती. जुलै १९३२ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला ३७ टक्क्यांहून अधिक मते मिळाली. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर रीतसर चॅन्सेलर झाला, आणि मार्च महिन्यात लोकसभेनेच ४४४ विरुद्ध ९४ मतांनी आपले कायदे करण्याचे अधिकार त्याच्या मंत्रिमंडळाच्या हवाली केले. विरोधात मत दिले ते एकट्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने. कम्युनिस्ट सभासद तोवर तुरुंगात, अज्ञातवासात किंवा परदेशात होते. लोकशाहीच्या दारातून आत आलेल्या पाहुण्याने आतून कडी लावून घेतली, ती अशी. पुढे १९३५ चे न्यूरेंबर्गचे वंशविषयक कायदे आले. ज्यूंचे नागरिकत्व गेले आणि अखेरीस सुमारे साठ लाख ज्यू स्त्रीपुरुष व बालके यांची हत्या झाली. रोमा व सिंती या जमातींचेही असेच हत्याकांड झाले. एक गोष्ट येथे विसरता कामा नये. हे सर्व कायद्याच्या चौकटीत, कारकुनांनी नोंदवह्या भरून आणि न्यायाधीशांनी निकाल देऊन पार पाडले गेले.

या राखेतून नवी राज्यघटना घडविण्यासाठी सप्टेंबर १९४८ मध्ये बॉन शहरी पासष्ट प्रतिनिधींची परिषद भरली. कोनराड आडेनाउअर तिचे अध्यक्ष होते. २३ मे १९४९ रोजी तो मूलभूत कायदा जाहीर झाला. आपल्या घटना समितीने भारताची राज्यघटना स्वीकारली ती त्याच वर्षी, २६ नोव्हेंबरला. दोन्ही राष्ट्रे एकाच सुमारास, निरनिराळ्या जखमा बांधीत, आपले घर उभारीत होती. जर्मन घटनेच्या पहिल्याच कलमात माणसाची प्रतिष्ठा अभंग आहे आणि तिचा आदर व रक्षण करणे हे सर्व राज्यसत्तेचे कर्तव्य आहे, असे म्हटले आहे. तिसऱ्या कलमाने वंश, जन्म, भाषा, मूळ प्रदेश, धर्म इत्यादींवरून भेदभाव करण्यास मनाई केली. आणि एकोणऐंशीव्या कलमाने असे बजावले की, पहिल्या कलमाची तत्त्वे कोणत्याही बहुमताने, दोनतृतीयांश बहुमतानेसुद्धा, बदलता येणार नाहीत. आतून कडी लावणाऱ्याच्या हाती कडीच लागू द्यायची नाही, हा यातील हेतू.

स्वतःचे रक्षण करणाऱ्या या लोकशाहीला जर्मन लोक ‘लढाऊ लोकशाही’ म्हणतात. ही कल्पना कार्ल लोव्हेनश्टाइन या देशत्याग करून अमेरिकेत गेलेल्या जर्मन विधिवेत्त्याने १९३७ मध्येच मांडली होती. तिच्या अंमलबजावणीचे मार्ग एकेक करून पाहू.

पहिला मार्ग कायद्याचा व न्यायालयाचा. मुक्त लोकशाही व्यवस्था नष्ट करू पाहणाऱ्या पक्षावर बंदी घालता येते, असे एकविसावे कलम सांगते. परंतु ही बंदी सरकारने घालावयाची नाही. सरकारने अथवा संसदेच्या कोणत्याही सभागृहाने केवळ अर्ज करावयाचा. निर्णय कार्ल्सरुहे येथील राज्यघटना न्यायालयाचा, आणि तोही त्या न्यायपीठाच्या दोनतृतीयांश बहुमताने. या तरतुदीचे मर्म फार मोठे आहे. सत्ताधाऱ्याने आपल्या विरोधकास राष्ट्रद्रोही ठरवून दूर सारावे, ही सोय तिने ठेवलेली नाही. १९४९ पासून आजवर केवळ दोन पक्षांवर अशी बंदी आली. १९५१ मध्ये लोअर सॅक्सनी प्रांतात अकरा टक्के मते मिळविणाऱ्या, नाझी परंपरेच्या सोशलिस्ट राइश पक्षावर ऑक्टोबर १९५२ मध्ये, आणि कम्युनिस्ट पक्षावर ऑगस्ट १९५६ मध्ये.

पुढील काळात न्यायालय अधिकच चिकित्सक झाले. नॅशनल डेमोक्रॅटिक या अतिउजव्या पक्षाविरुद्धचा पहिला खटला २००३ मध्ये बंद पडला, कारण त्या पक्षाच्या पुढाऱ्यांतच सरकारी गुप्तहेरांचे खबरे निघाले! पक्ष बोलतो आहे की सरकारच त्याच्या तोंडून बोलते आहे, हे कळेनासे झाले. दुसऱ्या खटल्यात, जानेवारी २०१७ मध्ये, न्यायालयाने पक्षाचे ध्येय घटनाविरोधी असल्याचे मान्य केले, पण ते सिद्धीस नेण्याइतके सामर्थ्य त्याच्यापाशी नाही म्हणून बंदी नाकारली. त्याच वर्षी घटनेत दुरुस्ती होऊन अशा पक्षाचे सरकारी अर्थसाहाय्य बंद करण्याची वाट निघाली, आणि जानेवारी २०२४ मध्ये तोवर नाव बदललेल्या त्या पक्षाचे अर्थसाहाय्य सहा वर्षांसाठी बंद करण्यात आले. ज्या सभागृहाला आग लावावयाची, त्याच सभागृहाच्या खर्चाने काडेपेटी का द्यावी, इतका हा साधा विचार आहे.

व्यक्तींसाठी दंडविधानाचे कलम १३० आहे. १९५९ च्या नाताळात कोलोन येथील, नुकत्याच पुन्हा उघडलेल्या ज्यू प्रार्थनामंदिराच्या भिंती द्वेषाच्या घोषणांनी व स्वस्तिकचिन्हांनी विद्रूप करण्यात आल्या. देशभर त्याचे अनुकरण झाले. राष्ट्र हादरले, आणि १९६० मध्ये हे कलम नव्या स्वरूपात आले. लोकसमूहाविरुद्ध द्वेष चेतविणाऱ्यास त्यान्वये तीन महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्यूंच्या हत्याकांडाचा जाहीर इन्कार करणे हाही १९९४ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. नाझी चिन्हे मिरविण्यास मनाई आहे. मात्र कला, संशोधन व शिक्षण यांसाठी अपवाद आहे. (ते स्वस्तिक आपल्या उंबरठ्यावरच्या मंगलचिन्हाचे विडंबन होय, हे आपणांस सांगावयास नकोच.)

दुसरा मार्ग पाळतीचा. १९५० मध्ये कोलोन येथे राज्यघटनेच्या संरक्षणाचे संघीय कार्यालय स्थापन झाले. तशीच कार्यालये प्रांतोप्रांती आहेत. अतिरेकी संघटनांची माहिती गोळा करणे आणि दरवर्षी जनतेसमोर अहवाल ठेवणे हे त्याचे काम. परंतु या कार्यालयास कोणालाही अटक करण्याचा वा घराची झडती घेण्याचा अधिकार नाही. ते पोलिसांचे काम. हेरगिरी आणि दंडुका एकाच हातात आले की त्यातून गेस्टापो निर्माण होते, हा धडा जर्मनीने रक्ताने लिहून घेतला होता.

तिसरा मार्ग शिक्षणाचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत दूरगामी. १९५२ मध्ये सरकारने नागरिकांच्या राजकीय शिक्षणासाठी एक संघीय केंद्र उघडले. ते आजही स्वस्त पुस्तके, नियतकालिके व शिक्षकांसाठी पाठसाहित्य प्रसिद्ध करते. आता प्रश्न असा येतो की, सरकार राजकारण शिकवू लागले तर प्रचार आणि शिक्षण यांत फरक तो काय राहिला? या प्रश्नावर १९७६ मध्ये दक्षिण जर्मनीतील बॉइटेल्सबाख या गावी शिक्षणतज्ज्ञांची परिषद झाली. त्या विचारमंथनातून तीन नियम पुढे आले, आणि ते आपल्या प्रत्येक शिक्षकाने व पालकाने लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पहिला, शिक्षकाने आपले मत विद्यार्थ्यावर लादून त्याची विचारशक्ती दडपू नये. दुसरा, समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे. तिसरा, विद्यार्थ्याला परिस्थितीचे व स्वतःच्या हिताचे विश्लेषण स्वतः करता यावे. द्वेषाचा प्रचारक तयार उत्तर देतो; शाळेने प्रश्न विचारण्याची सवय लावावी. याच शिक्षणाचा भाग म्हणून दाखाऊ, बुखेनवाल्ड येथील छळछावण्या जतन करण्यात आल्या असून शाळकरी मुलांना तेथे नेले जाते. २००५ मध्ये राजधानी बर्लिनच्या मध्यवस्तीत, हत्या झालेल्या ज्यूंच्या स्मरणार्थ २,७११ काँक्रीटच्या स्तंभांचे स्मारक उभे राहिले. विजयाची स्मारके सर्वच राष्ट्रे उभारतात. स्वतःच्या अपराधाचे स्मारक राजधानीत उभारण्यास निराळे धैर्य लागते.

चौथा मार्ग परतीचा. द्वेषाच्या टोळीत शिरलेला तरुण बहुधा एकाकी असतो. बाहेर पडू म्हटले तर त्याला मित्र, नोकरी, घर काहीच उरत नाही. अशांसाठी २००० साली एका माजी पोलीस अधिकाऱ्याच्या आणि टोळीतून बाहेर पडलेल्या एका माजी पुढाऱ्याच्या पुढाकाराने एक साहाय्यसंस्था निघाली, आणि पुढच्याच वर्षी संघीय कार्यालयानेही तसा उपक्रम सुरू केला. २०१५ पासून केंद्र सरकार एका व्यापक योजनेखाली गावोगावच्या अशा संस्थांना अनुदान देते. शिक्षा देणारे राज्य आपणांस परिचित आहे. चुकलेल्याला परतीची वाट दाखविणारे राज्य विरळा.

हे सर्व ऐकून जर्मनीने रोग समूळ बरा केला असे कोणास वाटेल. तसे मुळीच नाही. माझ्या व्याख्यानाचा खरा गाभा येथूनच सुरू होतो.

सप्टेंबर २००० मध्ये न्यूरेंबर्ग शहरी तुर्की वंशाच्या एका फुलविक्रेत्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. २००६ पर्यंत निरनिराळ्या शहरांत एकाच पिस्तुलाने नऊ जणांची हत्या झाली. आठ तुर्की वंशाचे, एक ग्रीक. कोणी भाजीवाला, कोणी शिंपी, कोणी लहानसा दुकानदार. २००७ मध्ये एका महिला पोलिसाचाही खून झाला. पोलिसांनी काय केले? त्यांनी खुनी शोधला तो मृतांच्या घरात. मादक पदार्थांचा व्यापार असेल, टोळीयुद्ध असेल, कौटुंबिक वैर असेल, अशा संशयाने विधवांची व मुलांची वर्षानुवर्षे उलटतपासणी झाली. तपासपथकाला नाव दिले ‘बॉस्फरस’. वृत्तपत्रांनी या खुनांना एका तुर्की खाद्यपदार्थाचे नाव दिले; ते पुढे २०११ सालचा सर्वांत निंद्य शब्द म्हणून जाहीर झाले. मृतांचे आप्त सांगत होते की, खुनी वंशद्वेष्टे असावेत. त्यांचे कोणी ऐकले नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये, बँकेवरील एका दरोड्यानंतर, योगायोगाने सत्य बाहेर आले. ही सारी कृत्ये एका छोट्या नाझी टोळीची होती. त्याच सुमारास संघीय कार्यालयातील एका अधिकाऱ्याने संबंधित कागदपत्रे नष्ट केल्याचेही उघडकीस आले, आणि २०१२ मध्ये कार्यालयाच्या प्रमुखांना पायउतार व्हावे लागले. फेब्रुवारी २०१२ मध्ये चॅन्सेलर अंगेला मेर्कल यांनी बर्लिन येथील शोकसभेत मृतांच्या कुटुंबीयांची क्षमा मागितली.

बंधुभगिनींनो, येथे कायद्याची उणीव नव्हती. कलम १३० होते, संघीय कार्यालय होते, पाठ्यपुस्तके होती, स्मारके होती. उणीव होती ती दृष्टीची. ज्या अधिकाऱ्याच्या मनात ‘ही परकी माणसे, यांच्यातच काहीतरी काळेबेरे असणार’ असे आधीच ठरलेले असते, त्याच्या हातात उत्कृष्ट कायदा दिला तरी तो चुकीच्या दारावरच थाप मारतो. राज्याला स्वतःचे डोळे नसतात. ते आपल्या नोकरांच्या डोळ्यांनी पाहते, आणि ते डोळे घडतात घरात, शेजारात, नातलगांच्या बैठकीत.

हीच गोष्ट जुन्या पिढीलाही लागू होती. २०१६ मध्ये जर्मन न्यायमंत्रालयाने स्वतःच्या इतिहासाचा अहवाल प्रसिद्ध केला. १९४९ ते १९७३ या काळात त्या खात्यातील प्रमुख पदांवर असलेल्या १७० विधिज्ञांपैकी ९० जण पूर्वी नाझी पक्षाचे सभासद होते, असे त्यात आढळले. घटना नवी होती, खुर्च्यांवरची माणसे जुनी होती. दुसऱ्या टोकाची चूकही झाली. १९७२ च्या एका फर्मानाने सरकारी नोकरीसाठी लक्षावधी लोकांच्या राजकीय निष्ठेची चौकशी सुरू झाली. तिचा मुख्य रोख डाव्या विचारांच्या तरुणांवर राहिला. १९९५ मध्ये अशा एका शिक्षिकेच्या प्रकरणी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जर्मनीस दोषी ठरविले. ज्या चॅन्सेलरच्या काळात ते फर्मान निघाले त्या विली ब्रांट यांनीच नंतर ती चूक असल्याचे मान्य केले. औषधाची मात्रा अधिक झाली तर तेही विषच होते.

मात्र चूक उघड झाल्यावर ती झाकून न ठेवण्याचा गुण त्या राष्ट्राने दाखविला, हे मान्य केले पाहिजे. संसदेच्या चौकशी समितीने २०१३ मध्ये सर्व पक्षांच्या एकमताने अहवाल दिला. २०१५ मध्ये कायदा बदलून, शिक्षा ठरविताना गुन्ह्यामागील वंशद्वेषाचा विचार करण्याचे स्पष्ट बंधन न्यायालयावर आले. तरीही २०१९ च्या जूनमध्ये निर्वासितांची बाजू घेणारे कासेलचे प्रशासक वाल्टर ल्युबके यांचा त्यांच्या घरी खून झाला. ऑक्टोबरमध्ये हाले येथे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराचे भक्कम दार टिकले म्हणून आतील भाविक वाचले, पण बाहेर दोघांचा बळी गेला. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये हानाउ येथे परकीय वंशाच्या नऊ जणांची हत्या झाली. त्यानंतर चॅन्सेलरच्या अध्यक्षतेखाली मंत्र्यांची समिती नेमली गेली, आणि तिने त्याच वर्षी नोव्हेंबरात ८९ उपाययोजनांची यादी मंजूर केली. आणि २०२५ च्या निवडणुकीत, परदेशी स्थलांतरितांस विरोध करणारा एक पक्ष २०.८ टक्के मते मिळवून दुसऱ्या क्रमांकावर आला. संघीय कार्यालयाने मे महिन्यात त्यास अतिरेकी ठरविले, आणि त्याविरुद्ध पक्षाने न्यायालयात धाव घेतली. तात्पर्य, पंचाहत्तर वर्षांच्या पहाऱ्यानंतरही हा सामना संपलेला नाही. पाचवा हिस्सा मतदार एखाद्या विचारामागे जातात तेव्हा प्रश्न केवळ कायद्याचा राहत नाही.

आता प्रारंभीच्या प्रश्नाकडे येतो. ही जर्मनीची कथा जातीच्या संमेलनात कशासाठी?

वंश आणि जात या दोन गोष्टी एकच आहेत, असे मी म्हणत नाही. परंतु माणसाची किंमत त्याच्या जन्मावरून ठरविणे, हे त्या दोहोंतील समान बीज आहे. आपल्या घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. पुढे १९५५ चा आणि १९८९ चा असे कायदे आले. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, आणि तो २०१७ पासून अमलात आहे. जातपंचायतीने कोणास वाळीत टाकल्यास त्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घटना स्वीकारली जाण्याच्या आदल्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, राजकारणात समता आणि समाजजीवनात विषमता हा विरोध फार काळ टिकणार नाही, असा इशारा दिला होता. कायदा आपल्यापाशीही आहे, जर्मनीप्रमाणेच. प्रश्न दृष्टीचा आहे, जर्मनीप्रमाणेच. उद्या आपलीच मुले तपासणी अधिकारी, शिक्षक, न्यायाधीश, घरमालक होणार आहेत. त्यांची दृष्टी कोणते सरकार घडविणार? ती आपल्या पंगतीतील बोलण्यातून घडते.

आपला संघ स्थापन झाला तो परस्परसाहाय्यासाठी. गरीब विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती, आजाऱ्याला मदत, परगावी आलेल्यास निवारा, हे त्याचे भूषण आहे. परंतु आपल्यांना जवळ करण्यासाठी घातलेले कुंपण इतरांना दूर ठेवण्यासाठी कधी वापरले जाऊ लागते, हे कळत नाही. म्हणून तीन लहान सूचना आपल्यापुढे ठेवतो. संघाच्या परिचयपुस्तिकेत, ज्यांनी जातीबाहेर विवाह केला अशा कन्यापुत्रांची नावे त्यांच्या घराण्याखाली, इतरांसारखीच, छापली जावीत. गाळलेले नाव हाही एक मूक बहिष्कारच आहे. शिष्यवृत्तीनिधीतील काही भाग गरजू विद्यार्थ्यास, मग तो कोणत्याही जातीचा असो, देण्याचा ठराव व्हावा. आणि संघाच्या व्याख्यानमालेत दरवर्षी निदान एक वक्ता असा बोलवावा की ज्याच्या समाजाविषयी आपल्या घरांत काही ग्रह रूढ आहेत. या सूचना काहींना रुचणार नाहीत, याची मला जाणीव आहे. त्यांच्यावर कार्यकारी मंडळात खुली चर्चा व्हावी, एवढीच विनंती. बॉइटेल्सबाखचा दुसरा नियम आपण आपल्यालाही लावू या. जे वादग्रस्त आहे ते वादग्रस्त म्हणूनच मांडू या, पण मांडू या.

सरकार दार राखील, कुलूप लावील, पहारा बसवील. घरातला दिवा मात्र घरच्यांनीच लावावयाचा असतो.



जय हिंद! जय महाराष्ट्र!